डाकेत तेरा, शहरात बारा

९ जुलै २०१७, रविवार. गुरुपौर्णिमा असल्यामुळे पहिलं पान फुलांनी आणि पादुकांनी आधीच भरलेलं. क्रीडा पानाचं दुखणं वेगळं होतं. किंग्स्टनला भारत-वेस्ट इंडीज टी-ट्वेंटी सामना आणि त्याचा निकाल येणार आपल्या मध्यरात्रीच्या आसपास. त्यामुळे निम्मं पान क्रिकेटने आधीच अडवलेलं. मी तेव्हा नाशिकच्या एका दैनिकात क्रीडा डेस्कवर उपसंपादक होते. उरलेल्या निम्म्या पानात मला भुवनेश्वरच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेचा शेवटचा दिवस बसवायचा होता.

स्पर्धा मुळात रांचीला व्हायची होती. तिथून ती ओडिशात गेली आणि तीनेक महिन्यांत कलिंग स्टेडियम तयार झालं. पहिल्याच दिवशी, ६ जुलैला, आमच्या संजीवनी जाधवने पाच हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं होतं, वेळ १६ मिनिटं ००.२४ सेकंद. किर्गिझस्तानची दारिया मास्लोव्हा पहिली, अमिरातीची आलिया सईद दुसरी. त्याच दिवशी जी. लक्ष्मणनने पुरुषांच्या पाच हजारात आणि मनप्रीत कौरने गोळाफेकीत सुवर्ण घेतलं होतं. तरी आमच्या आवृत्तीत मोठा मथळा संजीवनीलाच मिळाला. त्यावर डेस्कवर थोडी कुरबुरही झाली. माझं म्हणणं साधं होतं. चांदवड तालुक्यातली मुलगी, भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंदर सिंगांच्या हाताखाली तयार झालेली. सकाळी त्या बाजूला फिरायला जाणाऱ्यांनी तिला पळताना बघितलंय. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ आणलं, तेव्हापासून नाशिकचा वाचक लांब पल्ल्याच्या शर्यतीचे निकाल बारकाईने वाचतो.

रविवारी संध्याकाळपासून सुवर्णांची रांगच लागली. स्वप्ना बर्मन हेप्टाथलॉनमध्ये, म्हणजे सात प्रकारांच्या स्पर्धेत, पहिली. लक्ष्मणनने दहा हजारही मारली. नीरज चोप्राने शेवटच्या फेकीत भाला ८५.२३ मीटरवर टाकला. चार बाय चारशे रिले पुरुषांची आपली, महिलांचीही आपली. शिवाय महिलांच्या आठशे मीटरमध्ये आपली टिंटू लुका मध्येच थांबली, पण महाराष्ट्राची अर्चना आढाव पहिली आली. राज्याच्या वाचकाला यापेक्षा गोड मथळा कुठला? पदकतक्त्यात भारताची १३ सुवर्णं भरली आणि डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान छपाईला सोडलं. कळवण, सुरगाणा, सटाणा या बाजूच्या गाड्यांना घाट आणि पाऊस धरून निघावं लागतं, त्यामुळे त्यांचं पान लवकर जातं.

त्यानंतर वृत्तसंस्थेची ओळ आली. अर्चनाने शेवटच्या टप्प्यात ढकललं, अशी तक्रार श्रीलंकेने केली होती. ती मान्य झाली आणि अर्चना बाद ठरली.

ट्रॅकवर निकाल जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासात तक्रार करता येते. रेफरीचा निर्णय पटला नाही तर प्रकरण अपील ज्युरीकडे जातं आणि ते चित्रफीत बघून ठरवतात. भारताने उलट दाद मागितली, ती फेटाळली गेली. सुवर्ण श्रीलंकेच्या निमाली वलिवर्षाला मिळालं, रौप्य तिच्याच देशाच्या गयांतिका अबेरत्नेला, ब्राँझ जपानच्या फुमिका ओमोरीला. चौथी आलेली मुलगी पोडियमवर आणि पहिली आलेली यादीतच नाही.

मी ऑपरेटरकडे धावले. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, डाकेची प्लेट गेली. छपाई पण सुरू झाली.”

वृत्तसंपादकांना विचारलं. ते म्हणाले, “डाक जाऊ द्या. शहर आवृत्ती दुरुस्त करा. आणि ‘सुवर्ण हुकलं’ लिहू नका, तिचं हुकलेलं नाही, काढून घेतलंय.” मला ते पटलं. मथळा बदलला, अर्चनाचा फोटो काढून नीरजचा लावला, १३ चे १२ केले. एक आकडा बदलला की चौकट, उपमथळा, एकूण बेरीज, सगळीकडे हात घालावा लागतो. शेवटी १२ सुवर्ण, ५ रौप्य, १२ ब्राँझ, एकूण २९. चीन ८ सुवर्णांसह दुसरा. जकार्तातल्या १९८५ च्या याच स्पर्धेतली आपली २२ पदकं मागे पडली होती, आणि तेव्हा तर पी. टी. उषाच्या नावावर रिले धरून पाच सुवर्णं होती! एवढं होईपर्यंत एव्हिन लुईसने नाबाद १२५ ठोकून भारताला हरवलं आणि राखलेलं निम्मं पान पराभवाने भरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळवणकडच्या एका क्रीडाशिक्षकांचा फोन आला. “ताई, माझ्या पेपरात तेरा, नाशकातल्या मेव्हण्याच्या पेपरात बारा. शाळेच्या फलकावर काय लिहू?” मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग त्या पोरीचं नाव लिहायचं की नाही?” नाव लिहा, पदक नको, असं मी म्हटलं. मला अजूनही तेच बरोबर वाटतं.

पण बाराही टिकले नाहीत. दहा-बारा दिवसांतच मनप्रीत कौर उत्तेजक चाचणीत अडकल्याची बातमी आली आणि पुढे तिचं सुवर्ण गेलं. मग २०१९ मध्ये निर्मला शेरॉनवर उत्तेजकांमुळेच चार वर्षांची बंदी आली, तिचं भुवनेश्वरचं चारशे मीटरचं सुवर्ण गेलं आणि महिलांच्या रिलेचंही. ती बातमी करायला मीच होते. रिलेत निर्मलाबरोबर देबश्री मजुमदार, एम. आर. पूवम्मा आणि जिस्ना मॅथ्यू धावल्या होत्या. चाचणीत अडकली एक, पदक गेलं चौघींचं. नियम तसाच आहे आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण वृत्तसंस्थेच्या बातमीत त्या तिघींचा उल्लेखच नव्हता. मी मथळ्यात तिघींची नावं घातली.

“मथळा लांबलाय,” वृत्तसंपादक म्हणाले.

“लांबू द्या,” मी म्हटलं आणि पान सोडलं.