बासरी दोनदा वाजली
मंडळाच्या गाण्याची बासरी आणि व्हायोलिन म्यूझस्कोरमध्ये, म्हणजे स्वरलिपी लिहून वाजवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहून तयार होती. ती थेट आर्डर (Ardour) या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करायची, एवढंच काम. ऑडिओ फाइल एक्स्पोर्ट केली असती तर दोन मिनिटांत झालं असतं, पण आमचे संगीतकार शेजारी बसून "इथे जरा संथ" म्हणत राहणार. दर वेळी फाइल कोण काढत बसणार?

म्यूझस्कोर 3 मी अजून लॅपटॉपवरून काढलेलं नाही, कारण त्यात जॅक, म्हणजे एका सॉफ्टवेअरचा आवाज दुसऱ्यात नेणारी सोय, थेट चालतं. जोडलं, प्ले दाबलं, आणि बासरी दोनदा! दुसरी पहिलीच्या जेमतेम मागे, गिरगावातल्या बोळात हाक मारल्यासारखी. अर्धा तास रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) कुठे चालू राहिलाय ते शोधत होतो. जॅकमध्ये म्यूझस्कोरची एक आभासी वायर आपोआप स्पीकरला गेली होती, दुसरी आर्डरमधून फिरून तिथेच. पहिली तोडली, बासरी एकटी झाली.

मग खरखर. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा, 64 नमुन्यांचा ठेवला होता, म्हणजे सेकंदाला 48000 नमुने धरले तर जेमतेम 1.3 मिलिसेकंद. का, तर कुठेतरी ऐकलेलं, "बफर कमी तेवढा चांगला." अरे, पण इथे कीबोर्ड कोण वाजवतंय? सूर तर कागदावरच आहेत! 1024 केला. 21 मिलिसेकंद उशीर, कुणाला कळणार? खरखर गायब.

तेवढ्यात दादरहून संगीतकार सर आले, ऐकलं, म्हणाले, "छान. आता काळी दोनच्या पट्टीत कर. गायिका बदललीये."