निषिद्ध नगरी : नाकासमोर चालू नका, उजवीकडे वळा

बीजिंगच्या निषिद्ध नगरीत, म्हणजे मिंग आणि छिंग घराण्यांच्या 24 सम्राटांच्या राजवाड्यात, मी एकाच मुक्कामात दोनदा गेले. दुसरी खेप कौतुकापोटी झाली नाही, पहिली खेप पदरात काही न पडता संपली म्हणून झाली. पहिल्या दिवशी आम्ही नवराबायकोने एका दलालाला 960 युआन मोजले. दुसऱ्या वेळी तेच प्रवेशपत्र आणि शिवाय आतल्या दोन संग्रहांची जादा तिकिटे धरून दोघांना मिळून 160 युआन लागले. हा फरक लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे, कारण माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

तिकिटाचा हिशेब साधा आहे. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात माणशी 60 युआन, नोव्हेंबर ते मार्च 40, आणि रत्नदालन व घड्याळदालन यांचे प्रत्येकी 10. विक्री पारपत्राच्या क्रमांकावर, आगाऊ आणि ऑनलाइन होते. सात दिवस आधी रात्री आठ वाजता, म्हणजे आपल्याकडच्या संध्याकाळी साडेपाचला, त्या दिवसाची तिकिटे खुली होतात आणि गर्दीच्या हंगामात पाहता पाहता संपतात. दारावर तिकीट मिळेल या भरवशावर जाणाऱ्याला दारावर फक्त दलाल भेटतो. आम्हाला नेमके हेच माहीत नव्हते. आमच्या दलालाने माणशी 480 युआन घेतले, त्यात इंग्रजी बोलणारा मार्गदर्शक असल्याचे सांगितले, आणि तो मार्गदर्शक म्हणजे पंचवीस जणांच्या घोळक्यापुढे छत्री उंच धरून धावणारा एक तरुण निघाला. राजवाड्यात 9,999 आणि वर अर्धी अशा खोल्या आहेत ही दंतकथा त्याने वस्तुस्थिती म्हणून सांगितली (प्रत्यक्ष मोजणीत आकडा 8,700 च्या घरात भरतो), दीड तासात आम्हाला दक्षिणेकडून उत्तरेकडे पळवले आणि बाहेर काढून एका जेडच्या दुकानात नेऊन बसवले. सोमवारी राजवाडा बंद असतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळा देश सुट्टीवर असतो. हे दोन्ही टाळून तारीख धरावी आणि तिकीट स्वतः काढावे. पारपत्राची झेरॉक्स चालत नाही, मूळ प्रतच लागते.

आता त्या वाटेविषयी, जिच्यासाठी मी मुळात हे लिहायला बसले. बहुतेक सगळे जण ज्या मेट्रो स्थानकावर उतरतात ते थ्येनआनमेन पूर्व. तिथून दक्षिणेच्या मुख्य प्रवेशद्वारापर्यंत, म्हणजे वूमेनपर्यंत, अंतर फार तर एक किलोमीटरचे आहे, पण ते आम्हाला एक तास चाळीस मिनिटे पुरले. आधी लोखंडी कठड्यांमधली नागमोडी रांग, मग पारपत्राची तपासणी, मग पिशव्यांची, मग थ्येनआनमेनच्या कमानीखालची चेंगराचेंगरी, मग मधले द्वानमेन, आणि त्यापुढच्या लांबलचक अंगणात पुन्हा रांग. डोक्यावर सावली नाही, मागे फिरायला वाट नाही, आणि बसण्यासाठी टेकलेल्या माणसाला उठवणारे शिट्टीधारी जागोजाग. मी सह्याद्रीतले घाट चढते, पायांची तक्रार मला सहसा नसते, पण त्या रांगेत उभे राहून माझी कंबर जितकी धरली तितकी कुठल्या गडावर धरली नव्हती. वूमेनची ती घोड्याच्या नालेसारखी आत वळलेली तांबडी भिंत अखेर समोर आली तेव्हा तिच्याकडे मान वर करून पाहण्याचेही त्राण उरले नव्हते. ही वाट घेऊ नका. पाहुण्यांनी, मित्रांनी, हॉटेलातल्या माणसाने कितीही सांगितले तरी घेऊ नका.

दुसऱ्या खेपेला आम्ही मेट्रोच्या आठव्या मार्गिकेवरच्या चिनयू हूथोंग स्थानकावर उतरलो, पश्चिमेकडे चालत राजवाड्याच्या पूर्वेच्या दाराशी, म्हणजे तोंगह्वामेनपाशी आलो आणि तिथून खंदकाच्या कडेने दक्षिणेला वळून वूमेनच्या अंगणात शिरलो. तिकीट आणि पारपत्र दाखवावे लागते, पिशवी तपासतात, पण आम्हाला सगळे मिळून पंचवीस मिनिटे लागली. उजव्या हाताला 52 मीटर रुंदीचा खंदक, त्यापलीकडे तट आणि कोपऱ्यावरचा तो अनेक पाख्यांचा बुरूज अशी सोबत मिळते ती वेगळीच. तोंगह्वामेनच्या दारावरचे पितळी खिळे मोजायला हरकत नाही. राजवाड्याच्या इतर मोठ्या दारांवर नऊ ओळींत नऊ, असे 81 खिळे असतात, आणि इथे मात्र एक ओळ कमी असल्याने 72 भरतात. कारणे अनेक सांगितली जातात आणि त्यांतले एकही मला पटले नाही.

आत गेल्यावर लोक कशाला फसतात तेही सांगते. निषिद्ध नगरीचा मध्य अक्ष सरळ उत्तरेकडे जातो आणि गर्दी त्याच रेषेवरून वाहत राहते. ताइहे, चोंगहे आणि बाओहे हे दरबाराचे तीन महामंडप तिहेरी संगमरवरी जोत्यावर उभे आहेत, आणि अंगणातून पहिल्यांदा दिसतात तेव्हा बोलणे थांबते हे मान्य. पण त्यांच्या आत जाता येत नाही. उंबरठ्याशी कठडा लावलेला असतो, त्यावर पाच-सहा रांगांत माणसे लोंबकळत असतात, आणि पायाच्या चवड्यांवर उभे राहून दिसते ते काय, तर अंधारात एक सिंहासन आणि त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाचा तरी मोबाईल. एवढ्यावर माणसे घरी जाऊन सांगतात की, राजवाडा रिकामा आहे, सगळा खजिना तैवानला गेला. हे अर्धसत्य आहे. जपानी आक्रमणाच्या भीतीने 1933 मध्ये संग्रहालयातल्या 13,427 पेट्या दक्षिणेकडे हलवल्या गेल्या, त्या पुढे युद्धभर देशात वणवण फिरल्या आणि त्यांतल्या 2,972 पेट्या 1948-49 मध्ये तैवानला पोहोचल्या. निवडक माल तिकडे गेला हे खरे. तरीही आजचा बीजिंगचा संग्रह 18 लाखांहून अधिक वस्तूंचा आहे. तो महामंडपांत मांडलेला नाही, बाजूच्या वाड्यांत आहे, एवढाच मुद्दा आहे आणि तोच कुणी सांगत नाही.

महामंडपांपाशी थांबायचे असेल तर आत डोकावण्यात वेळ घालवू नये, वर पाहावे. ताइहे मंडपाच्या छपराच्या कोपऱ्यावरून उतरत जाणाऱ्या मातीच्या छोट्या प्राण्यांची रांग मोजावी. ते दहा आहेत आणि दहा फक्त याच छपरावर आहेत, कारण प्राण्यांच्या संख्येवरून इमारतीचा मान ठरे. शेजारच्या बाओहेवर नऊ, त्या दोघांच्या मधल्या चोंगहेवर सात. आजचा ताइहे मंडप 1695 चा आहे. युंगलो सम्राटाने 1406 ते 1420 मध्ये बांधून घेतलेला मूळ मंडप उद्घाटनानंतर काही महिन्यांतच, 1421 मध्ये, वीज पडून जळाला होता. सगळे बांधकाम लाकडाचे, त्यामुळे आगीची धास्ती कायमची, आणि म्हणूनच अंगणाअंगणांत ते प्रचंड धातूचे रांजण आहेत. त्यांत पाणी भरलेले असे, आणि हिवाळ्यात ते गोठू नये म्हणून रांजणांना गोधडीसारखे वेष्टण घालून खाली निखारे ठेवत.

सोन्याचा मुलामा दिलेल्या रांजणांपैकी एकाला अगदी नाक लावून पाहिले. पोटावर हजारो बारीक रेघा आहेत, उभ्या, आडव्या, एकमेकींना छेदणाऱ्या, जणू एखाद्या पातेल्याची करपलेली खरवड सुरीच्या टोकाने काढावी तशा. मधेच अंगठ्याच्या नखाएवढा पिवळा तुकडा शिल्लक. 1900 मध्ये शहरात घुसलेल्या आठ राष्ट्रांच्या फौजांनी हे सोने संगिनींनी खरवडले असे सांगितले जाते. त्या आठांतल्या ब्रिटिश तुकडीत मोठा भरणा हिंदी पलटणींचा होता, ही गोष्ट त्या रांजणापाशी उभे असताना आठवणे फारसे सुखाचे नव्हते.

बाओहे मंडपाच्या मागच्या उतारावर एक अखंड दगड कोरून बसवला आहे. तो साडेसोळा मीटर लांब आणि 200 टनांहून जड असून त्यावर ढग आणि ड्रॅगन कोरलेले आहेत. सुमारे 70 किलोमीटरवरच्या खाणीतून तो भर हिवाळ्यात, रस्त्यावर पाणी ओतून केलेल्या बर्फावरून ओढत आणला. हा दगड पाहून पुढच्या आडव्या चौकात उतरलात की गर्दीबरोबर समोरच्या छ्येनछिंग दारात शिरू नका. उजवीकडे वळा. चिंगयुन नावाच्या दारातून बाहेर पडलात की दोन मिनिटांत आवाज ओसरतो. आधी घड्याळदालन लागते. सम्राटांना लंडनच्या कारागिरांच्या घड्याळांचे वेड होते, आणि इथे एक यांत्रिक बाहुला ब्रशने आठ चिनी अक्षरे लिहितो असे घड्याळही या संग्रहात आहे. मात्र ही घड्याळे रोज चालवून दाखवत नाहीत, त्यामुळे त्यासाठी ताटकळू नये.

त्यापुढे रत्नदालनाचे दार, आणि आत शिरताच नऊ ड्रॅगनांची भिंत. लांबी 29.4 मीटर, 270 रंगीत झिलईच्या फरशा, आणि एकसुद्धा ड्रॅगन दुसऱ्यासारखा नाही. पूर्वेकडून तिसरा, पांढरा ड्रॅगन शोधावा आणि त्याच्या पोटाखाली निरखून पाहावे. तिथे एक तुकडा झिलईचा नसून लाकडाचा आहे. एक फरशी कारागिराच्या हातून फुटली, नवी भाजायला वेळ नव्हता, म्हणून त्याने रातोरात लाकूड कोरून, रंगवून बसवले आणि सम्राटाला पत्ता लागला नाही, अशी कथा आहे. रंग उडाल्यामुळे आता त्या तुकड्याचे तंतू दिसतात आणि झिलईच्या चकाकीत तो मंद पडतो. नवरा वीस मिनिटे त्या एका तुकड्यासमोर उभा होता. “अगं, आपल्या त्या छत्रीवाल्याने हे दाखवलंच नाही,” असे तो तीनदा म्हणाला.

हा सगळा पूर्वेचा भाग छ्येनलुंग सम्राटाने 1771 नंतर स्वतःच्या निवृत्तीसाठी बांधून घेतला. साठ वर्षे राज्य करून त्याने 1796 मध्ये गादी सोडली खरी, पण इथे राहायला तो कधी आलाच नाही. आतल्या एका दालनात काचेआड जेडचा एक डोंगर आहे. उंची 2.24 मीटर, वजन पाच टनांच्या वर. दगड शिनच्यांगचा, कोरणी यांगचौच्या कारागिरांची, विषय पुराला वाट करून देणाऱ्या यू राजाचा. उजेड कमी आहे, पण डोळे सरावू द्यावेत. मग कडेकपारींत कुदळी घेऊन राबणारी बोटाएवढी माणसे एकेक करून दिसू लागतात. जुनी चित्रे पाहायला म्हणून जाणाऱ्यांनी मात्र फार आशा धरू नये. कागद आणि रेशीम उजेडाने खराब होत असल्याने ती थोड्या काळापुरतीच, आळीपाळीने बाहेर काढली जातात. उत्तर टोकाला, बाहेर पडण्याच्या दाराशी, चन या राणीची विहीर आहे. 1900 मध्ये त्सशी राजमाता शहर सोडून पळाली तेव्हा चनला या विहिरीत लोटले, असे म्हणतात. आज विहिरीचे तोंड इतके अरुंद दिसते की, विश्वास बसत नाही.

एकंदर पाच तास धरावेत आणि सकाळच्या पहिल्या खेपेचे तिकीट घ्यावे. पाणी आणि खायचे बरोबर असावे. शाकाहारी माणसाने तर हे गृहीतच धरावे. चीनची भिंत आणि बाकीचे दिवस सुरळीत पार पडले, त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

उत्तरेच्या दाराने एकदा बाहेर पडलात की परत आत येता येत नाही. समोर चिंगशानची टेकडी आहे, जिच्यावर 1644 मध्ये शेवटच्या मिंग सम्राटाने गळफास घेतला. छपरांचा पिवळा समुद्र तिथून एकसंध दिसतो म्हणतात, पण पाच तासांनंतर त्या पायऱ्या चढण्याचा सल्ला मी देणार नाही. तिच्यासाठी दुसरी संध्याकाळ राखावी. दाराबाहेर तीनचाकी रिक्षावाले हात धरतात आणि तीन बोटे दाखवतात. त्या तीन बोटांचा अर्थ तीस की तीनशे, आणि एका माणसाचे की दोघांचे, हे कागदावर लिहून घेतल्याखेरीज रिक्षात पाय ठेवू नये. आमच्या रिक्षावाल्याने लिहायला नकार दिला, तेव्हा आम्ही मेट्रोपर्यंत चालत गेलो.