बोट लागते, तरी क्रूझला जायचे होते : केबिन निवडण्याचा माझा अनुभव

मला घाटात एसटी लागते, मागच्या सीटवर बसले की मोटार लागते आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँचसुद्धा लागते. त्यामुळे मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचा विषय घरात निघाला, तेव्हा जायचे की नाही यापेक्षा जहाजात नेमके कुठे झोपायचे हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटला. एकदा ठरलेली केबिन प्रवास संपेपर्यंत आपलीच असते आणि जहाज भरलेले असेल तर ती बदलून मिळण्याची आशा फारशी नसते. म्हणून पैसे भरण्याआधीच सगळी चौकशी करायची, असे मी यजमानांना सांगून टाकले. त्यांना कशाचाच त्रास होत नाही, त्यामुळे निवडीचे काम आपोआप माझ्याकडे आले.

तिकिटे काढून देणाऱ्या एजंटाने पहिल्याच फोनवर वरच्या डेकवरची, जहाजाच्या पुढच्या भागातली बाल्कनीची केबिन सुचवली. "मॅडम, मोकळी हवा मिळाली की काही होत नाही," हे त्याचे म्हणणे होते. तो फसवत होता असे मला वाटत नाही, कारण क्रूझच्या दरपत्रकाची चढणच तशी असते : सर्वांत स्वस्त ती आतली, बिनखिडकीची केबिन, मग खिडकीची, मग बाल्कनीची आणि सर्वांत महाग तो सुइट, आणि बहुधा दर वाढत जातो तसतसे आपण जहाजात वरवर जात राहतो. बोट लागणाऱ्या माणसाची गरज मात्र नेमकी उलट्या दिशेची असते, हे मला माझ्या मावसभावाने समजावून सांगितले. तो बरीच वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होता. "ताई, केबिनचा प्रकार नंतर बघ, आधी जागा बघ," एवढ्यावर न थांबता त्याने कागदावर जहाज काढून दाखवले.

त्याने सांगितले ते असे. लाटांवर जहाज मुख्यतः तीन प्रकारे हलते. ते डावी-उजवीकडे कलते, नाळेकडून (म्हणजे पुढच्या टोकाकडून) आणि मागून आळीपाळीने वर-खाली होते आणि कधी अख्खेच्या अख्खे उचलले जाऊन पुन्हा खाली बसते. नाळ आणि मागचे टोक वर-खाली होत असताना जहाजाचा मधला भाग त्या मानाने स्थिर राहतो, आणि ज्या माणसाने एसटीच्या अगदी मागच्या बाकावर बसून खराब रस्त्याचा प्रवास केला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जहाज कलते तेव्हा त्याचा आस पाण्याच्या पातळीच्या आसपास असतो, म्हणून जितके वर राहावे तितका झोका मोठा होतो. थोडक्यात, मधोमध आणि खाली. यात आणखी एक बारकावा आहे आणि तोच मला सर्वांत उपयोगी पडला. प्रवासी जहाजांच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली स्टॅबिलायझरचे पंख असतात. ते कलणे पुष्कळ कमी करतात, परंतु नाळेचे वर-खाली होणे त्यांना फारसे रोखता येत नाही. म्हणून मधली जागा आणि खालची जागा यांतले एकच पदरात पडणार असेल, तर मधली घ्यावी. खालच्या डेकवरची पण नाळेजवळची केबिन स्वस्त दिसते, तिच्या नादी लागू नये.

त्रास नेमका कशाने होतो, याचेही उत्तर त्याच चित्रात होते. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. ते शरीर हलत असल्याचे सांगते आणि डोळ्यांसमोरची भिंत मात्र जागच्या जागी दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. त्यातही पाच-सहा सेकंदांत एकदा होणारी संथ वर-खाली हालचाल माणसाला सर्वांत जास्त त्रास देते. लहान, झटपट बसणारे हादरे त्या मानाने सोसतात.

आम्ही ज्याने जाणार होतो ते 'एम्प्रेस' हे जहाज 1990 साली बांधलेले आहे आणि त्याची लांबी सुमारे 211 मीटर आहे. त्या काळातल्या जहाजांवर बाल्कनीच्या केबिन थोड्या असतात आणि खिडकीच्या व आतल्या केबिन भरपूर, ही गोष्ट माझ्या पथ्यावरच पडली. मी डेकचे नकाशे मोठ्या कागदावर छापून घेतले, पट्टीने लांबी मोजली आणि तिचे तीन भाग करून मधल्या भागाबाहेरच्या सगळ्या केबिन खोडून टाकल्या. हे करण्याचे कारण असे की, 'मिडशिप', म्हणजे जहाजाचा मधला भाग, हा शब्द विकणारी माणसे फार सैल वापरतात. लिफ्टजवळची प्रत्येक केबिन त्यांच्या लेखी मिडशिप असते, आणि लिफ्ट तर पुढे-मागेही असतात.

त्यानंतर उरलेल्या प्रत्येक केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहिले. झोप मोडली की मळमळ लवकर उसळते, हा माझा जुना अनुभव असल्यामुळे या कामात मी घाई केली नाही. नाचगाण्याच्या दालनाखाली पहाटेपर्यंत धडधड असते, पोहण्याच्या तलावाच्या डेकखाली सकाळी लवकर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, भटारखान्याजवळ रात्रभर ढकलगाड्या फिरतात. मागच्या टोकाला जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची (प्रोपेलरची) थरथर जाणवते आणि नाळेकडे नांगराच्या साखळीचा खडखडाट होतो. ज्या केबिनच्या वर-खाली दोन्हीकडे केबिनच आहेत, ती सर्वांत शांत. शेजारच्या केबिनमध्ये उघडणारे मधले दार असेल तर बोलणे ऐकू येते, म्हणून तशा केबिनही वगळल्या.

खिडकी घ्यावी की आतली केबिन, यावर माझे मन बरेच दिवस ठरेना. क्षितिज दिसत राहिले तर डोळे आणि कान यांचा मेळ बसतो, हे खरे. परंतु खालच्या डेकवरची खिडकी उघडत नाही, त्यामुळे हवा मिळत नाही, आणि रात्री बाहेर मिट्ट काळोख असतो, म्हणजे ज्या वेळी आपण केबिनमध्ये असतो त्याच वेळी क्षितिज नसते. दिवसा त्रास झालाच तर उघड्या डेकवर जाऊन उभे राहता येते आणि रात्री डोळे मिटून आडवे झाले की विसंगतीच कमी होते. हा विचार पुढे नेला तर मध्यभागातली आतली केबिन, टोकाच्या बाल्कनीपेक्षा कितीतरी बरी, आणि हातात पैसे कमी असते तर मी तीच घेतली असती. आमच्या बाबतीत दोन दरांतला फरक परवडण्यासारखा होता, आणि अंथरुणातून समुद्र दिसावा अशी यजमानांची इच्छा होती, म्हणून खिडकी ठरली.

यानंतरचा भाग कागदपत्रांचा, पण सर्वाधिक सावधपणा इथेच लागतो. 'गॅरंटी' नावाने जी केबिन स्वस्तात देतात, तिच्यात प्रकाराची हमी असते, जागेची नसते; क्रमांक कंपनी आपल्या सोयीने नंतर देते. बोट न लागणाऱ्याला त्यात फायदा आहे, आमच्यासारख्यांनी तिकडे पाहू नये. एजंटाने पाठवलेल्या पहिल्या कागदावर फक्त प्रकार लिहिला होता, म्हणून केबिनचा क्रमांक छापून आल्याशिवाय पैसे भरणार नाही असे मी कळवले. क्रमांक आला. निघण्याच्या काही दिवस आधी त्याचा आनंदाने फोन आला, की आपल्याला विनामूल्य वरची बाल्कनी मिळू शकते. ती पुढच्या टोकाची होती. मी नको म्हटल्यावर तो क्षणभर काही बोललाच नाही, मग "नक्की ना, मॅडम?" असे पुन्हा पुन्हा विचारत राहिला. फुकटची बढती नाकारणारे गिऱ्हाईक बहुधा त्याच्या पाहण्यात नसावे.

महिना निवडताना फारसा विचार करावा लागला नाही. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्र खवळलेला असतो. आमच्या आईवडिलांच्या काळात मुंबईहून रत्नागिरीला येणारी आगबोटही पावसाळ्यात बंद असे. आम्ही हिवाळा धरला. गोळी कोणती घ्यायची हे डॉक्टरांना विचारले, कारण अशा गोळ्यांनी गुंगी येते आणि रोजच्या औषधांशी त्यांचा मेळ पाहावा लागतो. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, एवढे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

प्रत्यक्ष प्रवासात जागेचा फरक मला एका रात्री अगदी स्पष्ट कळला. समुद्राला थोडी उसळी होती. जेवणानंतर आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावरच्या दालनात बसलो आणि थोड्याच वेळात माझ्या तोंडाला पाणी सुटून कपाळावर घाम आला. खाली केबिनमध्ये येऊन पडले, तेव्हा पडदा किंचित हलत होता आणि कपाटातले हँगर एकमेकांना लागत होते, पण पोट हळूहळू शांत झाले. तेच जहाज, तोच समुद्र आणि तीच रात्र होती. लक्षद्वीपला मात्र केबिनचाही फारसा उपयोग नव्हता. तिथे प्रवाळांमुळे मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही, ते बाहेर थांबते आणि लहान होड्यांतून बेटावर नेतात. जहाज थांबले की पंखांवरून पाणी वाहत नाही, त्यामुळे स्टॅबिलायझरचा परिणाम ओसरतो आणि कलणे वाढते. हे मावसभावाने आधीच सांगून ठेवले होते, म्हणून गोळी घेऊन आम्ही सुरुवातीच्याच होडीने उतरलो.

परत आल्यावर नणंदेने तिच्या प्रवासाचे नकाशे माझ्याकडे पाठवले. "वहिनी, मला आतलीच केबिन परवडेल," असे तिने आधीच स्पष्ट केले होते, त्यामुळे खिडकीचा प्रश्न मिटला. तिने पसंत केलेली केबिन मधली होती खरी, पण बरोबर नाचगाण्याच्या दालनाखाली होती. शिवाय तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिफ्टपासून जवळची पण लिफ्टच्या दारासमोरची नको, अशी आणखी एक अट वाढली. त्या डेकवर या सगळ्यात बसणाऱ्या दोनच केबिन रिकाम्या होत्या. त्यांतली एक तिने त्याच संध्याकाळी, क्रमांक लिहून घेऊन, राखून ठेवली.