आठ मिलिमीटरच्या हिशेबातलं कॅबिनेट

कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा पंखा घ्या आणि लेगोच्या ब्लॉकवर ठेवून बघा. बरोबर १० स्टड, म्हणजे ब्लॉकवरचे ते गोल उंचवटे. १२० चा घेतला तर बरोबर १५. ब्लॉकवरच्या एका गोल स्टडपासून दुसऱ्यापर्यंत मध्य ते मध्य ८ मिलिमीटर अंतर असतं, म्हणून हा हिशेब जुळतो. हे लक्षात आलं आणि ठरवूनच टाकलं, घरच्या कॉम्प्युटरला आता पत्र्याचं कॅबिनेट घ्यायचं नाही, लेगोच्या ब्लॉकचंच बांधायचं.

मी वाळूजच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे, प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनवतो. त्यामुळे पुतणीच्या टोपलीतला ब्लॉक उचलला की मला आधी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, आठवतं. २ बाय ४ चा ब्लॉक ३२ भरत नाही, ३१.८ भरतो. शेजारच्याला बसायला जागा हवी म्हणून ते ०.२ मुद्दाम सोडलेले असतात. आता हे ब्लॉक ज्याचे असतात ते एबीएस प्लॅस्टिक साच्यात थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. म्हणजे ३१.८ हवेत तर साचा ०.१६ ने मोठा कापायचा, त्यातही आकसणं सगळीकडे सारखं नसतंच. हे सगळं सांभाळून मिलिमीटरच्या शंभराव्या भागात माप धरायचं, तेही असं की १९५८ साली डेन्मार्कमध्ये पेटंट घेतलेल्या त्या रचनेच्या ब्लॉकवर आज निघालेला ब्लॉक घट्ट बसावा! या कामाला माझा मनापासून सलाम आहे.

बाजारात मिळणारे स्वस्तातले ब्लॉकही आणून बघितले. दोन-चार जोडले तर काही कळत नाही. पण स्टडमागे ०.०५ चा फरक असला तरी २२ स्टडच्या भिंतीत तो १ मिलिमीटरच्या वर जातो. मग वरचा थर जोर लावून बसवावा लागतो आणि कोपरा उघडतो. बाहेरच्या भिंतींना असला माल वापरू नका. आतल्या आडभिंतींना चालतो.

२२ स्टड का, तर माझा मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाचा आहे, १७० बाय १७० मिलिमीटर. एकवीस स्टडचे १६८ होतात, त्यात बसत नाही. बावीसचे १७६ होतात, चारी बाजूंनी ३-३ मिलिमीटर मोकळे राहतात. ब्लॉकमध्ये स्क्रू धरत नाही, म्हणून तळाला अॅल्युमिनियमचा पत्रा कापून घातला आणि बोर्ड पितळी स्टँडऑफवर, म्हणजे छोट्या खांबांवर, त्यावर कसला.

भिंती मात्र अण्णांनी बांधल्या. अण्णांनी जन्मभर परभणी-जिंतूरकडे गवंडीकाम केलं. मी एका बाजूने सरळ थर लावत निघालो होतो. ते खुर्ची ओढून शेजारी बसले, म्हणाले, "असं कामून करायलास? कोपरे उभे कर आधी, मंग मधलं भर. आन् सांध्यावर सांधा येऊ देऊ नको." मग ब्लॉक त्यांनीच हातात घेतले. सिमेंटने चिरलेल्या त्या अंगठ्याने ब्लॉक दाबताना ते आधी एक कड टेकवायचे, बोटाने शेजारचा सांधा चाचपायचे आणि मगच दाबायचे. टक्क आवाज आला नाही तर काढून पुन्हा. चारही कोपरे काटकोनात आले. मी गुण्या लावून बघितला, फट दिसली नाही.

मे महिन्यात हे वितळणार नाही का, असं ज्याने-त्याने विचारलं. नाही. एबीएस मऊ पडायला १०० अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि आपल्याकडे ऊन कितीही तापलं तरी खोलीत तेवढं होत नाही. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकला ब्लॉक टेकू दिला नाही म्हणजे झालं. खरी अडचण वेगळीच आहे. पोलाद एबीएसच्या दोनशे पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. पत्र्याचं कॅबिनेट अंगानेही थोडं निवतं, ब्लॉकचं निवत नाही. सगळी भिस्त हवेवर. म्हणून पुढच्या भिंतीत खाली ८० चा पंखा हवा आत घेतो आणि वरचे दोन थर एकाआड एक मोकळे ठेवलेत, गरम हवा तिथून निघते. रोहिणी निघण्याआधी आपल्याकडे जो फुफाटा उडतो, त्यासाठी पंख्यापुढे मच्छरदाणीची जाळी दोन थरांत दाबून बसवली. धुवायची झाली की वरचा थर उचलायचा, बस.

एक सांगणं मात्र कळकळीचं आहे. २३० व्होल्टचा पॉवर सप्लाय ब्लॉकच्या पेटीत ठेवू नका. त्याच्या बॉडीला अर्थिंग हवं आणि प्लॅस्टिकला अर्थिंग कशाचं करणार? माझा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर बाहेर आहे, आत सर्किटची एक छोटी पट्टी त्यातून बोर्डाला लागतील ती व्होल्टेज बनवते. प्लॅस्टिक रेडिओलहरीही अडवत नाही. कॉम्प्युटर चालू केला की अण्णांच्या ट्रान्झिस्टरवर मिडियम वेव्हला खरखर यायची. ट्रान्झिस्टर आता पलीकडच्या खोलीत गेलाय, तिथे आवाज स्वच्छ येतो.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९६ मध्ये स्टॅनफर्डला सर्च इंजिनच्या प्रयोगासाठी ४ जीबीच्या १० हार्डडिस्क अशाच खेळण्यातल्या ब्लॉकच्या पेटीत ठेवल्या होत्या. सगळ्या मिळून ४० जीबी. हे वाचल्यापासून माझ्याही जुन्या ३.५ इंची डिस्कला शेजारी एक खोली बांधायचं मनात आहे. डिस्कची रुंदी १०१.६, तेरा स्टडचे १०४. दोन्हीकडे १.२ मिलिमीटर उरतात. त्यात सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालणार आहे, म्हणजे डिस्कची थरथर भिंतीत उतरणार नाही.