दोन हजार उत्तरं म्हणजे किती माहिती?

भौतिकशास्त्रातून समाजशास्त्राकडे आलेल्या माणसाकडून लोकांची एक ठरलेली अपेक्षा असते: त्याने समाजाचं समीकरण मांडावं. माझी डॉक्टरेट सांख्यिकीय भौतिकशास्त्रातली, आणि आता मी सर्वेक्षणांच्या पद्धतींवर काम करते. नवी ओळख झाली की थोड्याच वेळात प्रश्न येतो, मग माणसांच्या गर्दीला चुंबकाचे नियम लागू पडतात का? प्रश्न मला आवडतो. पण भौतिकशास्त्राने समाजशास्त्राला देण्यासारखं जे आहे, त्यातलं सगळ्यांत मोलाचं मला वेगळ्याच जागी सापडलं: मोजणाऱ्या उपकरणावर संशय घेण्याच्या सवयीत.

आधी समीकरणाची बाजू मांडते, कारण तिच्यावर माझा जीव आहे. आयसिंग मॉडेल घ्या, म्हणजे चुंबकाचं एक अगदी साधं चित्र. बुद्धिबळाच्या पटासारख्या जाळीच्या प्रत्येक घरात एक बाण, वर किंवा खाली. प्रत्येक बाण शेजाऱ्यांच्या दिशेने वळू पाहतो आणि तापमान सगळ्यांना विस्कटत राहतं. विल्हेल्म लेंझने ही कल्पना १९२० साली मांडली. त्याचा विद्यार्थी अर्न्स्ट आयसिंग याने एका रेषेवरच्या बाणांचं गणित सोडवून १९२५ साली छापलं. तिथे तापमान निरपेक्ष शून्याच्या जरा जरी वर असलं तरी सगळे बाण एका दिशेला राहत नाहीत. सपाट जाळीचं उत्तर लार्स ऑनसागरने १९४४ साली काढलं आणि तिथे मात्र चित्र बदललं. एका ठरावीक तापमानाखाली लांबलांबचे बाणही एकमेकांशी जुळून राहतात, त्याच्या वर सगळं विस्कटतं.

त्या तापमानाजवळ चुंबकत्व कसं कोसळतं हे सांगणारा एक घातांक असतो. त्रिमितीत तो ०.३२६ च्या आसपास येतो, आणि द्रव व वाफ यांतला भेद जिथे पुसला जातो त्या बिंदूजवळही तोच घातांक भेटतो. चुंबकातला अणू आणि वाफेतला रेणू यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी आकडा एकच. असं का होतं, कोणते तपशील मोठ्या पल्ल्यावर आपोआप गळून पडतात आणि कोणते उरतात, याचा हिशेब केनेथ विल्सनने १९७१ साली दाखवला. १९८२ चं नोबेल त्यासाठीच होतं. म्हणजे तपशील विसरण्याची परवानगी भौतिकशास्त्राने कमावलेली आहे. त्यामागे सिद्धता आहे, प्रयोग आहेत, दशकांची मेहनत आहे.

समाजाच्या मॉडेलांत ही परवानगी आपण बहुतेक वेळा गृहीत धरतो. ‘व्होटर मॉडेल’ हे त्याचं चांगलं उदाहरण. प्रत्येकाचं एक मत, आणि दर पावलाला कुणीतरी एक जण शेजाऱ्याचं मत उचलतो, बस. गणित देखणं आहे. रेषेवर किंवा सपाट जाळीवर शेवटी एकच मत सगळीकडे पसरत जातं, आणि तीन मितींच्या अनंत जाळीवर दोन्ही मतं कायम नांदतात. यादृच्छिक, म्हणजे दर पावलाला कुठलीही दिशा घेत भटकणारा कण एका-दोन मितींत सुरुवातीच्या जागी नक्की परततो आणि तिसऱ्या मितीत तशी खात्री नसते, त्याचंच हे दुसरं रूप. पण क्लिफर्ड आणि सडबरी यांनी १९७३ साली हे मॉडेल मांडलं ते मतदारांसाठी नव्हे, जागेसाठी झगडणाऱ्या जीवजातींसाठी. मतदार त्यात दोन वर्षांनी, हॉली आणि लिगेट यांच्या कामात आले. समीकरणाला दोन्ही सारखेच, हे त्याचं बळ आहे. समाजशास्त्राच्या माणसाला नेमकी तिथेच शंका येते, आणि ती रास्त आहे.

माझी एक सहकारी मूळची समाजशास्त्राची. असं मॉडेल फळ्यावर मांडलं की ती एकच विचारते: हा बाण, म्हणजे हे मत, कोणत्या प्रश्नाच्या उत्तरातून आला? कुणी विचारला, कधी, समोर आणखी कोण बसलं होतं? सुरुवातीला मला वाटायचं की हे नंतरचं काम आहे, आधी गतिकी, म्हणजे मतं कशी बदलत जातात ते समजू दे. आता मी हे प्रश्न सर्वांत आधी विचारते, कारण ज्या विद्याशाखेत मी वाढले तिथेही उपकरणाची खात्री करून घेतल्याशिवाय आकड्याला हात लावत नाहीत. सर्वेक्षणाचं उपकरण म्हणजे प्रश्नावली आणि ती वाचून दाखवणारा माणूस.

आकडेमोड करून दाखवते. समजा ४० मुलाखतकारांनी प्रत्येकी ५० जणांना, म्हणजे एकूण २,००० लोकांना एक प्रश्न विचारला. प्रत्येक मुलाखतकाराची ढब वेगळी. कुणी पर्याय भरभर वाचतो, कुणी शेवटच्या पर्यायावर जरा रेंगाळतो, कुणी “माहीत नाही” ऐकलं की पुढच्या प्रश्नाला जातो, तर कुणी “तरी, साधारण?” म्हणून उत्तर काढून घेतो. त्यामुळे एकाच मुलाखतकाराला मिळालेली उत्तरं किंचित एकमेकांसारखी होतात. हे साम्य मोजणारा गुणांक समजा फक्त ०.०२ आहे. सर्वेक्षणांचे संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांच्या नावाशी जोडलेलं सूत्र सांगतं की विचरण, म्हणजे अंदाजाच्या अनिश्चिततेचं माप, १ + (५० − १) × ०.०२ पटीने, म्हणजे १.९८ पटीने वाढतं. तुमच्या २,००० उत्तरांत माहिती आहे ती सुमारे १,०१० स्वतंत्र उत्तरांइतकी. अंदाज किती चुकू शकतो हे अहवालात अधिक-उणे २.२ टक्के छापलं असेल तर खरी मर्यादा ३.१ टक्क्यांच्या जवळ आहे. दोन पक्षांत, दोन गटांत किंवा दोन वर्षांत तीन टक्क्यांचा फरक दिसला म्हणून मथळे होतात, तेव्हा हा हिशेब किती जणांनी केलेला असतो?

हे सूत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते लगेच ओळखीचं वाटलं. मॉन्टे कार्लो सिम्युलेशन, म्हणजे यादृच्छिक आकडे वापरून संगणकावर केलेली नक्कल, करणाऱ्या प्रत्येकाची याच्याशी गाठ पडते. १९५३ च्या मेट्रोपोलिस पद्धतीने आयसिंगचे बाण एकेक करून उलटवत जायचं आणि दर फेरीला चुंबकत्व नोंदवायचं. लाख नोंदी सहज जमतात. पण लागोपाठच्या नोंदी एकमेकींसारख्याच असतात, आणि ही आठवण पुसायला लागणारा काळ क्रांतिक तापमानाजवळ, म्हणजे वर सांगितलेल्या त्या ठरावीक तापमानाजवळ, बेसुमार वाढतो. सपाट जाळीची बाजू दुप्पट केली तर तो साधारण साडेचार पट होतो. म्हणून नोंदींच्या संख्येला त्या काळाच्या दुपटीने भागायचं. जे उरतं तेवढीच खरी माहिती. लाखाचे कधीकधी काहीशे उरतात. दोन शास्त्रं, दोन वेगळ्या परंपरा, आणि प्रश्न तोच: या आकड्यांपैकी खरोखर स्वतंत्र किती? इथे उपमेची गरजच पडत नाही, बीजगणितच एक आहे. मुलाखतकार हा त्या सिम्युलेशनमधल्या न पुसलेल्या आठवणीच्या जागी येतो.

फक्त एक अडचण आहे. एका मुलाखतकाराची उत्तरं सारखी आली ती त्याच्या ढबीमुळे, की त्याच्या वाट्याला आलेल्या वस्तीतले लोकच एकमेकांसारखे होते म्हणून? एकाच भागात एकच मुलाखतकार फिरला असेल तर हे वेगळं काढता येत नाही, मग संगणक कितीही मोठा असो. तोड काढायची ती क्षेत्रात उतरण्याआधी, आखणीतच.

ही तोड प्रशांतचंद्र महालनोबिसांनी काढली. ते केंब्रिजला भौतिकशास्त्र शिकलेले आणि कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्रच शिकवणारे. १९३१ साली त्यांनी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि त्याच दशकात बंगालच्या तागाच्या पिकाचा अंदाज नमुन्यांवरून काढायला घेतला. त्यांची युक्ती अशी: एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने काढायचे, एकमेकांत गुंतलेले, आणि माणसांच्या दोन वेगळ्या तुकड्यांनी ते वेगवेगळे मोजायचे. प्रदेश तोच, पीक तेच. दोन तुकड्यांच्या अंदाजांत नमुन्याच्या नशिबाने पडेल त्याहून जास्त तफावत आली, तर ती मोजणाऱ्यांची. प्रयोगशाळेत एकच राशी दोन उपकरणांनी मोजून पाहतात तेच इथे शेतात नेलं, आणि उपकरण म्हणून माणसाला धरलं. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही ही पद्धत आली.

या पिकांच्या पाहण्यांत पुढे एक वाद झाला, तो मला फार शिकवून गेला. नमुन्यासाठी शेतातला केवढा तुकडा कापायचा? महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे होते. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे मोठ्या तुकड्यांच्या. सुखात्म्यांचा मुद्दा हा की छोट्या तुकड्यातून उत्पन्न फुगून येतं. कारण काठ. दोरी फिरवून आखलेल्या वर्तुळाच्या कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर? वाकून कापणाऱ्या माणसाचा हात ते आत ओढतो. समजा त्यामुळे वर्तुळ प्रत्यक्षात तीन सेंटिमीटरने मोठं झालं. त्रिज्या ६० सेंटिमीटर असेल तर क्षेत्र १० टक्क्यांनी वाढलं. त्रिज्या सहा मीटर असेल तर एका टक्क्याने. ही चूक दहा हजार तुकडे कापूनही कमी होत नाही. उलट आकडा जास्तच नेमका दिसायला लागतो, आणि तितक्याच ठामपणे चुकीचा असतो. लहान जाळीवर सिम्युलेशन करणाऱ्याला काठाचा हा जाच चांगला माहीत असतो.

आता जिथे भौतिकशास्त्राची पुंजी संपते त्या जागेबद्दल. रोपाला कळत नाही की कुणी मोजतंय. माणसाला कळतं. प्रश्नावली पक्की करण्याआधी काही लोकांसमोर ती वाचून, “हे उत्तर देताना मनात काय आलं ते बोलत जा” असं सांगतात आणि ते ध्वनिमुद्रित करतात. ही ध्वनिमुद्रणं ऐकणं हा माझ्या कामातला सर्वांत आवडता भाग आहे. “तुमचा शेजाऱ्यांवर विश्वास आहे का?” या साध्या प्रश्नावर एक बाई बराच वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, “किल्ली द्यायची म्हणाल तर आहे. पैसे द्यायचे म्हणाल तर नाही. तुम्हाला कोणता हवाय?” मुलाखतकार नियमाप्रमाणे म्हणतो, “तुम्हाला जसं वाटेल तसं.” आणि त्या म्हणतात, “मग लिहा, आहे.” फाइलमध्ये त्या जागी एक आकडा जातो. तो गप्प राहण्याचा वेळ, तो उलटा प्रश्न, काहीच जात नाही. वर सांगितलेलं कोणतंही सूत्र हे पकडत नाही, कारण दुसऱ्या मुलाखतकारालाही बहुधा हेच उत्तर मिळालं असतं. दोन तुकड्या एकमत झाल्या याचा अर्थ दोघींनी बरोबर मोजलं असा होत नाही. इथे समाजशास्त्राची पद्धतच लागते: बसून ऐकणं, प्रश्न फोडणं, पुन्हा विचारणं. त्या प्रश्नाचे आम्ही शेवटी दोन केले, एक किल्लीचा आणि एक पैशांचा, आणि दोन्हींची उत्तरं वेगळ्या दिशांना गेली. आधीच्या एका बाणात दोन बाण होते.

भौतिकशास्त्र सोडून या बाजूला येऊ पाहणारे विद्यार्थी मला लिहितात, बहुतेकांच्या हातात एखादं मॉडेल तयार असतं. मॉडेल ठेवाच, ते लागेल. पण एखाद्या सर्वेक्षणाची फाइल मागवाल तेव्हा आधी मुलाखतकाराच्या सांकेतिक क्रमांकाचा रकाना आहे का ते पाहा. पुष्कळदा सार्वजनिक फाइलमधून तो काढलेला असतो. मग संस्थेला लिहून मागा, नावं नकोत, नुसते क्रमांक पुरतात. तो मिळाला की कोणतंही समीकरण बसवण्याआधी त्या रकान्यानुसार उत्तरांची सरासरी काढा आणि एकेका मुलाखतकाराचा ठिपका आलेखावर मांडा. कोणत्या प्रश्नावर ठिपके एकत्र राहतात आणि कोणत्यावर विखुरतात ते बघा. विखुरलेल्या प्रश्नांची ध्वनिमुद्रणं असतील तर तीही मागून घ्या.