उत्तर कोकण, फाल्गुन-चैत्राच्या नोंदी : पांढऱ्या कपाळाच्या प्लोवरचा निकाल

मागच्या नोंदीत अलिबागजवळच्या आक्षीच्या ज्या सँड प्लोवरविषयी (वाळूवर वावरणारा लहान किनारपक्षी) लिहिले होते आणि तो सायबेरियन जातीचा की तिबेटन, यावरून, म्हणजे त्याच्या पांढऱ्या कपाळावरून, आपल्यात बरीच खडाजंगी झाली, त्याचा निकाल अखेर लागला आहे. निकाल माझ्या मनासारखा नाही. पक्षी सायबेरियन नसून तिबेटनच आहे आणि आता त्याविषयी मला शंका उरलेली नाही. मात्र त्या निकालापर्यंत पोहोचताना भरती, वारा आणि प्रकाश यांचे एक गणित हाती आले, आणि ते आपल्यापैकी प्रत्येकाला या किनाऱ्यावर उपयोगी पडेल, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

2023 साली लेसर सँड प्लोवर या एका जातीचे सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जातींत भाग झाले तेव्हापासून आपल्या जुन्या याद्यांतील प्रत्येक ‘लेसर’ तिबेटनच्या खात्यात आपोआप जमा झाला, आणि ते बहुतांशी योग्यच होते. आपल्याकडे हिवाळा काढणारे पक्षी मुख्यतः तिबेट, पामीर आणि हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर वीण करणारे असतात. सायबेरियन पक्षी कामचात्का आणि पूर्व सायबेरियात वीण करून तैवानपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या किनाऱ्यांवर उतरतात. जनुकीय तुलनेत तर तिबेटन हा सायबेरियनपेक्षा ग्रेटर सँड प्लोवरला अधिक जवळचा निघाला, हे मला अजूनही पचलेले नाही. तरीही चुकला-माकला एखादा सायबेरियन पश्चिम किनाऱ्यावर येऊ शकतो, आणि तो ओळखण्याची संधी मिळते ती विणीचा पिसारा चढत असताना, म्हणजे साधारण मार्चअखेर ते एप्रिलअखेर. त्यानंतर मागे राहतात ती पहिल्या वर्षाची पोरे, आणि ती पावसाळाभर करड्या रंगातच वावरतात.

फाल्गुनी अमावास्येला दिसलेल्या त्या पक्ष्याच्या कपाळावर दोन स्वच्छ पांढरे डाग होते आणि त्यांच्यामधून खाली उतरणारी काळी रेघ होती. सायबेरियन नराचे वर्णन पुस्तकात अगदी असेच असते. पण अमावास्येची भरती दुपारी बारा-साडेबाराला येते, पक्षी वरच्या कोरड्या वाळूवर गोळा होतात तेही त्याच सुमारास, आणि तेव्हा वाळूवरून उठणारी झळ अशी असते की साठपट भिंगातून प्लोवरचा नुसता थरथरणारा ठिपका दिसतो. छातीच्या पट्ट्याची वरची कडा काळी आहे की नाही, हा खरा कळीचा प्रश्न होता. सायबेरियनमध्ये पांढरा गळा आणि तांबूस पट्टा यांच्यामध्ये एक बारीक काळी किनार असते, तिबेटनमध्ये ती सहसा नसते. माझ्या एकाही छायाचित्रात ती कडा धड दिसत नव्हती. शिवाय अर्धवट पिसारा बदललेल्या तिबेटनच्या कपाळावर हिवाळी पांढरी पिसे शिल्लक राहतात आणि पामीरकडच्या पक्ष्यांत तर पूर्ण पिसाऱ्यातही लहान पांढरे डाग असू शकतात, हा आक्षेप आपल्यापैकी दोघांनी घेतला होता आणि तो बिनतोड होता. म्हणून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर मी तो पक्षी ‘सायबेरियन/तिबेटन’ असाच ठेवला.

एक खूण मात्र नशिबाने मिळाली होती. त्या पक्ष्याच्या डाव्या पायाला, सांध्याच्या जरा खाली, तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचा, वेढा बसलेला आहे आणि त्याचे एक टोक बोटभर लांब लोंबते. ही खूण त्याच्या दृष्टीने वाईटच. पण तिच्यामुळे शेकडो सारख्या पक्ष्यांतून तोच पक्षी पुन्हा ओळखता येण्याची शक्यता निर्माण झाली. पाय आखडून उभा असला की तंगूस दिसत नाही, धावला की दिसतो.

त्यानंतरचा सगळा खटाटोप त्याला पुन्हा गाठण्याचा होता. चैत्र शुद्धात थवा मिळाला, पण धाग्याचा पक्षी मिळाला नाही. नागावच्या बाजूने येणाऱ्या चारचाकी मोटारसायकली आणि त्यांच्यामागे धावणारी कुत्री यांनी थवा चार वेळा उठवला आणि शेवटी तो खाडीमुखाच्या पलीकडे निघून गेला. पर्यटकांना दोष देण्यात अर्थ नाही, पण भरतीच्या वेळी तासभर तरी वरचा वाळूपट्टा मोकळा राहिला तर या पक्ष्यांचे बरेच श्रम वाचतील. हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी ते इथे नुसत्या उठबशीत जाळतात.

घरी परतल्यावर मी किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुन्हा मांडला. कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आपण भरतीचे तक्ते भ्रमणध्वनीवर पाहतो म्हणून हे गणित विसरलो आहोत, पण संपूर्ण महिन्याचे नियोजन डोक्यात करायला याच्याइतके सोयीचे काही नाही. आपला किनारा पश्चिमाभिमुख आहे, म्हणजे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो. तेव्हा भरती साडेसात ते साडेआठच्या दरम्यान हवी, म्हणजे दशमी किंवा एकादशी. उजेड तिरपा आणि मऊ, झळ सुरू व्हायची आहे, आणि पाणी पक्ष्यांना आपल्या दिशेने वर ढकलते आहे. इतके तर आपण सर्वजण जाणतो. लक्षात न आलेला भाग होता वाऱ्याचा. विश्रांतीला बसलेला प्लोवर नेहमी वाऱ्याकडे तोंड करून बसतो. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे सुरूच्या बनात बसलेल्या माणसाकडे सगळा थवा तोंड करून असतो. दहा-अकराच्या पुढे खारा वारा सुरू झाला की तोच थवा वळतो आणि आपल्याला नुसत्या पाठी दिसतात. कपाळ आणि छाती पाहायची असेल तर भरती मतलईत यायला हवी. अमावास्येच्या दुपारी मी नेमकी उलटी परिस्थिती निवडली होती.

चैत्र वद्य एकादशीला हे तिन्ही धागे जुळले. पहाटेच सुरूच्या कडेला आडवा झालो. पाणी चढत गेले तसे प्लोवर वाळूवर येत गेले आणि वाहनांच्या चाकोऱ्यांत, माणसांच्या पाऊलखुणांत एकेक करून बसले. खळगा वाऱ्याचा आडोसा देतो, म्हणून प्रत्येकाची आपला खळगा मिळवण्याची धडपड चाललेली. त्यांच्यातलाच एक उठून धावला आणि पायामागे तंगूस फरफटताना दिसला. त्यानंतर त्याच्यावरून नजर हटवली नाही. तो तोंड माझ्याकडे करून बसला, एक डोळा मिटला, आणि मला हवे ते सगळे दाखवले. कपाळ आता जवळजवळ पूर्ण काळे झालेले होते, पांढऱ्या डागांची जागा दोन बारीक ठिपक्यांनी घेतलेली होती. छातीचा पट्टा विटकरी, गळ्याशी सरळ भिडणारा, मध्ये काळ्या किनारीचा मागमूस नाही. कुशी पांढरीशुभ्र, सायबेरियनसारखा तांबूसपणा खाली उतरलेला नाही. चोच सडपातळ. अमावास्येचे दोन डाग हे हिवाळ्याची उरलेली पिसे होती, हे त्याच पक्ष्याच्या कपाळावर पाहायला मिळाले. उरलेले दोन ठिपकेही गळून पडतील की ती पामीरकडची ओळख आहे, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

साधनांविषयी दोन शब्द. ही छायाचित्रे स्कोपची, म्हणजे तिपाईवरच्या दुर्बिणीची, नाहीत, पी-900 या जुन्या निकॉनची आहेत. त्याचे 83 पट झूम झळेत निरुपयोगी ठरते, पण सकाळच्या गार हवेत, तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीवर टेकवून, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून घेतले तर पिसान्‌पीस मोजता येते. मी तिपाई आता किनाऱ्यावर नेत नाही. सांध्यांत वाळू शिरते आणि उभा माणूस पक्ष्यांना खटकतो. भ्रमणध्वनी स्कोपला जोडण्याचा जो चिमटा एका संकेतस्थळावरून मागवला होता, त्याचा स्क्रू दमट हवेत पहिल्याच महिन्यात गंजला आणि विक्रेत्याने उत्तर देण्याचे कष्ट घेतले नाहीत. आपल्याला तो घेण्याचा मोह होत असेल तर पितळी स्क्रूचाच घ्यावा. भिंगांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि घरी परतल्यावर गोड्या पाण्याचे ओले फडके, या दोन गोष्टींना खाऱ्या हवेत पर्याय नाही.

उर्वरित नोंदी थोडक्यात. भुईगावला कर्ल्यू सँडपायपर विटेच्या रंगाचे झाले होते, एका लहान थव्यात एकही करडा उरला नव्हता. अर्नाळ्याला मासळी उतरते तिथे पॅलासेस गल पूर्ण काळ्या डोक्याने उभा होता, पण तो मार्चअखेरचा; त्यानंतर मोठे गल दिसले नाहीत. आक्षीला ग्रेट नॉट एकच मिळाला, छातीवर काळ्या ठिपक्यांची दाटी झालेला, आणि त्याच्यासाठी प्लोवरची शोधमोहीम काही काळ बाजूला ठेवली याचे मला अजिबात वाईट वाटत नाही. केळव्याला पांगाऱ्यावर भोरड्यांचा कल्लोळ होता. आता त्याही निघून गेल्या. बाहेरून येणाऱ्यांत अजून नवरंग आणि चातक यायचे आहेत. नवरंगाची शीळ मेअखेरीस कर्नाळ्याच्या बाजूला ऐकू येऊ लागेल, चातकासाठी जूनच्या पहिल्या सरींची वाट पाहावी लागेल.

पुढचा बेत चिंचणीला जाऊन वैशाखातल्या शेवटच्या थव्यांची मोजदाद करण्याचा होता. हे लिहिता लिहिता तो बदलत आहे. धाग्याच्या पक्ष्याने एक गोष्ट ध्यानात आणून दिली: एका कपाळाचा बदल तारखेनिशी मिळाला, तर संपूर्ण थव्याचा का मिळू नये? आपल्यापैकी अनेकांकडे मार्च-एप्रिलमधली सँड प्लोवरची जुनी छायाचित्रे पडून आहेत. ती सगळी तारखेच्या क्रमाने लावली आणि प्रत्येक कपाळाची पांढरी, मिश्र आणि काळी अशी वर्गवारी केली, तर या किनाऱ्यावर तिबेटनचे कपाळ केव्हा काळे होते याचा आपला स्वतःचा तक्ता तयार होईल. मग एप्रिलअखेर पांढरे कपाळ दिसले तर त्याकडे संशयाने पाहण्याला काही आधार राहील. समोरून घेतलेली, चोच आणि छाती दोन्ही दिसणारी चित्रेच उपयोगी. ग्रेटर वेगळे काढावे लागतील, आणि चोच तिच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराहून लांब असेल, पाय पिवळट-हिरवे असतील, तर तो ग्रेटरच्या ढिगात टाकावा.

ओळखण्याची दुसरी संधी ऑगस्टची आहे, तिचा मी आजवर विचारच केला नव्हता. परतणारे प्रौढ तिबेटन जुलैअखेरपासून किनाऱ्यावर उतरू लागतात आणि त्यांचा विणीचा पिसारा झिजलेला असला तरी तेव्हा बराचसा अंगावर असतो. मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते, त्यानंतर खाडीमुखाशी होड्यांची वर्दळ वाढते, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात जमेल तितक्या दशमी-एकादशी साधाव्या लागतील; मात्र पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा असल्यामुळे सुरूच्या बनातून पाहण्याची युक्ती चालणार नाही. त्या दिवसांत खाडीच्या दक्षिण काठावर, बांधाच्या आडोशाने बसता येईल का, हे मे महिन्यात ओहोटीला जाऊन पाहून येणार आहे. तंगुसाचा पक्षी कुणाला अन्यत्र दिसला, तर डाव्या पायाचे चित्र अवश्य पाठवावे.