गोवर, कान आणि एच६७: मेडिकल कोडिंग शिकतानाचा माझा अनुभव

नांदेडला बीएचएमएस झालं, काही दिवस एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात काम केलं आणि मग मेडिकल कोडिंगकडे, म्हणजे रुग्णाच्या नोंदीतल्या आजारांना ठरलेले सांकेतिक आकडे देण्याच्या कामाकडे, वळले. नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, म्हणून क्लास अमीरपेठेत लावला. पुढे सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्राची परीक्षा दिली आणि आता अमेरिकन रुग्णालयांच्या फाइली कोड करते. या सगळ्या अभ्यासात मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते आजारांच्या कोडच्या पुस्तकातल्या एच६७ या इवल्याशा गटानं. कोडिंगकडे येऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून त्याबद्दलच लिहिते.

एच६५ म्हणजे पू नसलेला मध्यकर्णदाह, एच६६ म्हणजे पू झालेला किंवा प्रकार न सांगितलेला. इथवर सोपं आहे. एच६७ मात्र अशा मध्यकर्णदाहासाठी, ज्याचं मूळ दुसऱ्याच आजारात आहे आणि त्या आजाराचा कोड पुस्तकात दुसरीकडे आहे. दवाखान्यात आया सांगायच्या, "गोवर निघून गेला अन् लेकराचा कान वाहायलाय." गोवर झालेल्या साधारण दहा मुलांमागे एकाला कानाचा संसर्ग होतो. घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी सुजते, आत स्राव साठतो, त्यात जंतू वाढतात. हे सगळं मला पाठ होतं. त्यामुळे गोवरानंतरचा कान म्हटल्यावर एच६७ लागणारच, असं मी धरून चालले होते.

आजारांच्या कोडच्या या पुस्तकाला आयसीडी-१० म्हणतात. त्याची अमेरिकन आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०-सीएम, तसं म्हणत नाही. एच६७ खाली 'एक्सक्लूड्स वन' अशी टीप आहे. टिपेत दिलेल्या आजारांसोबत हा कोड लावायचाच नाही. त्यात गोवर, इन्फ्लुएन्झा, स्कार्लेट फीवर आणि क्षय आहेत, कारण त्यांच्या स्वतःच्या कोडमध्येच कान आधीपासून धरलेला आहे. गोवर आणि मध्यकर्णदाह मिळून बी०५.३. स्कार्लेट फीवरसोबत असेल तर ए३८.०. कानाचा क्षय ए१८.६. एकाच कोडमध्ये आजारही येतो आणि गुंतागुंतही.

याच सुमारास परभणीच्या माझ्या मावसभावाशी बोलणं झालं. तो एका रुग्णालयात मेडिकल रेकॉर्डचं काम बघतो. म्हणाला, "ताई, आमच्याकडं तर गोवराच्या कानाला बी०५.३ सोबत एच६७.१ लावतेत." मी त्याला पुस्तकाचं पान फोटो काढून पाठवायला लावलं. त्याचंही बरोबर होतं! आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० वापरतात. तिच्यात मूळ आजाराच्या कोडला कट्यारीची खूण असते, अवयवावर दिसणाऱ्या परिणामाला तारा, आणि दोन्ही जोडीनं लिहिता येतात. तिथे एच६७.० जिवाणूजन्य आजारांसाठी, एच६७.१ विषाणूजन्य आजारांसाठी, एच६७.८ इतरांसाठी. अमेरिकन आवृत्तीत मात्र एच६७.१ म्हणजे उजवा कान, .२ डावा, .३ दोन्ही आणि .९ म्हणजे कोणता ते लिहिलेलं नाही. आकडा तोच, अर्थ पार वेगळा. भारतीय रुग्णालयात काम करून अमेरिकन कोडिंगकडे येणाऱ्यांनी हे पान आधी बघावं. माझ्या क्लासमध्ये हा फरक कुणी सांगितला नव्हता, आणि तो सांगायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

मग अमेरिकन एच६७ उरतो कशासाठी? पुस्तक 'कोड फर्स्ट' (आधी मूळ आजाराचा कोड लिहा) या टिपेखाली उदाहरण देतं ते प्लास्मिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाच्या कमतरतेचं. हा दुर्मीळ आजार आहे, त्यात श्लेष्मल पडद्यांवर लाकडासारखे कडक थर जमतात, मधल्या कानातही. तिथे आधी ई८८.०२ आणि नंतर एच६७. वेगळा कोड नसलेले इतर विषाणूजन्य आजारही यातच येतात. कानाच्या पडद्याला भोक असेल तर एच७२ मधला कोड जोडायचा. एच६७ पहिल्या क्रमांकावर कधीच येत नाही. परीक्षेत हा नियम फार कामाला येतो: शंभर प्रश्न, चार तास, पास व्हायला सत्तर टक्के. ज्या पर्यायात एच६७ आधी लिहिलाय तो वाचत बसायचंच नाही. पुस्तकं सोबत नेता येतात, पानांना चिकटपट्ट्या लावता येतात. माझी एक पट्टी कायम या पानावर असते.

प्रत्यक्ष कामात अडचण वेगळीच निघाली. डॉक्टरनं नोटमध्ये गोवर लिहिलाय, मध्यकर्णदाहही लिहिलाय, पण एकामुळे दुसरं असं कुठेच म्हटलेलं नाही. पुस्तकाच्या सूचीत ही जोडी 'इन' या शब्दानं बांधलेली असल्यामुळे संबंध गृहीत धरता येतो. डॉक्टरनं तो नाकारला असेल तरच नाही. 'इतर विषाणूजन्य आजार' अशा मोघम नोंदीला ही मुभा नाही, तिथे डॉक्टरनंच संबंध लिहिलेला लागतो. डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेल्या माणसाला हे जड जातं. नोट वाचताना निदान डोळ्यांसमोर उभं राहतं, पण ते आपण करायचं नसतं. मला सगळ्यात जास्त काळजी असते ती क्षयाची. कान न दुखता महिनोन्‌महिने वाहतोय, पडद्याला एकाहून जास्त भोकं आहेत, आणि निदानाच्या जागी नुसतं 'मध्यकर्णदाह'. असं दिसलं की मी नोंदीतल्या खुणा जशाच्या तशा उतरवून डॉक्टरांना विचारणा पाठवते: या स्रावाचं कारण नोंदवता येईल का? उत्तराचा शब्द त्यांच्या तोंडी घालायचा नाही, म्हणून प्रश्नात क्षयाचं नाव घेत नाही. त्यांचं उत्तर येईपर्यंत फाइल थांबते. उत्पादकतेचा आकडा त्या दिवशी खाली जातो, तो जाऊ द्यावा. क्षय असूनही एच६६.९०, म्हणजे नुसता 'मध्यकर्णदाह', लागला, तर त्या माणसाचा क्षय आकडेवारीत कुठेच दिसणार नाही.